हुन्नर आणि सनद : लोखंड जोडणाऱ्या हातांचा इतिहास

कारागीर, कारखाना, औजार, वस्ताद, हुन्नर, सनद. मराठीतले हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि इथल्या मातीत इतके मुरले की ते बाहेरचे आहेत हे सांगावे लागते. मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असे शब्द रोज समोर येतात. त्यातले शेवटचे दोन मला गेली दोन वर्षे सतत आठवत आहेत. हुन्नर म्हणजे हाताला येणारी विद्या, सनद म्हणजे ती येते याचा लेखी पुरावा. आपल्या मोहल्ल्यांमध्ये पहिली गोष्ट मुबलक आहे आणि दुसरी फार थोड्यांकडे आहे. हे अंतर कधीपासूनचे आहे, ते मला एका विषयाच्या आधारे तपासून पाहायचे आहे. तो विषय म्हणजे लोखंडाला लोखंड जोडणे, आजच्या भाषेत वेल्डिंग.

कारण सांगतो. नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूने किंवा इतवाऱ्यातून चालत गेलात तर गेट, ग्रील, शटर, ट्रॉली बनवणारी दुकाने ओळीने दिसतात. आमच्या शाळेतून आठवी-नववीनंतर दिसेनाशी होणारी बरीच मुले पुढे याच दुकानांत भेटतात. "सलाम सर" म्हणतात आणि काळी काच पुन्हा डोळ्यांसमोर धरतात. ही मुले काय शिकतात हे मला नीट माहीत नव्हते. म्हणून मागच्या एका उन्हाळी सुट्टीत मी स्वतःच चार-पाच किलोचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले आणि ओळखीच्या एका जुन्या कारागिराकडे शिकायला जाऊ लागलो. मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. हात शिकत होते तसा मी या कामाचा इतिहास वाचत गेलो, आणि तो आपल्या दारापर्यंत येतो हे लक्षात आले.

जुन्या काळी लोखंड वितळवून ओतणे आपल्याकडे होत नव्हते, कारण तेवढी उष्णता देणाऱ्या उंच भट्ट्या नव्हत्या. भट्टीतून निघायचा तो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो ठोकून ठोकून त्यातली मळी बाहेर काढायची. एका गोळ्यात फार लोखंड नसे, म्हणून मोठी वस्तू करायची तर अनेक तुकडे एकमेकांत जोडावे लागत. दोन्ही तुकडे पांढरे होईपर्यंत तापवायचे, सांध्यावर वाळू किंवा टाकणखार टाकायचा म्हणजे वरचा गंज वितळून निघून जातो, आणि लगेच घणाचे घाव घालायचे. बाराशे-तेराशे अंशांच्या आसपास लोखंड वितळत नाही, पण एकजीव होते. दिल्लीचा सहा टनांहून जड लोहस्तंभ सोळाशे वर्षांपूर्वी असाच तुकड्यातुकड्याने जोडून उभा राहिला.

दख्खनमध्ये ही विद्या तोफांच्या कामी आली. इथे तोफा करण्याच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे काशासारखा मिश्रधातू ओतून. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान अशी ओतीव आहे. ती 1549 साली अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हुसैन रूमी असे तोफेवरच कोरलेले आहे. दुसरी पद्धत म्हणजे लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोल मांडायच्या, त्यांवर तापलेल्या लोखंडी कड्या एकीला एक लावून चढवायच्या आणि घणाने सगळे एक करायचे. उदगीरहून जवळ असलेल्या बीदरच्या किल्ल्यावर अशा तोफा आजही पाहता येतात. आपल्याकडे कंधार, औसा, उदगीर इथल्या किल्ल्यांवर जाल तेव्हा तोफेच्या तोंडाकडे जरा निरखून पाहा. कड्यांचे वळ दिसले तर समजा, ती ओतलेली नाही, जोडलेली आहे.

काही टनांची अशी तोफ करायला अनेक भट्ट्या, अनेक भाते आणि एका तालात घण मारणारी माणसे लागली असतील. त्यांत लोहार असतील, पांचाळ असतील, घिसाडी असतील, मुसलमान कारागीरही असतील. पण ओतीव तोफेवर रूमीचे नाव राहिले आणि घण मारणाऱ्यांची नावे बहुतेक कुठेच राहिली नाहीत. तोफेवरचे नाव ही एक प्रकारची सनद होती. ती दरबारात पोचलेल्याला मिळाली. भट्टीपाशी उभ्या असलेल्यांच्या वाट्याला फक्त हुन्नर आले.

आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव याचे आणखी एक उदाहरण. नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते. कोनासमुद्रममध्ये मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन तासन् तास तापवून उत्तम पोलाद काढत. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटले. इराणातल्या इस्फहानचे व्यापारी ते विकत घ्यायला या गावात येऊन राहत. व्हॉयसी या इंग्रज वैद्य-भूगर्भशास्त्रज्ञाने तिथली पद्धत पाहून लिहिलेले वर्णन 1832 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. जगाला हे पोलाद माहीत झाले ते 'दमास्कस'च्या तलवारींमुळे. म्हणजे नाव झाले ते विकणाऱ्या बाजारपेठेचे. पोलाद काढणारे गाव तेलंगणात अजून आहे, पण त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

कुरआनात 'हदीद' म्हणजे लोखंड या नावाची एक सूरह आहे. हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि ते कड्यांचे चिलखत बनवत, असा उल्लेखही कुरआनात आहे. ज्या परंपरेत एका पैगंबराचे हात लोखंडाचे काम करतात, तिथे या कामाला कमी लेखायला जागाच उरत नाही. तरीही आपल्याच घरांमध्ये "शिकला नाही तर वेल्डिंगला घालीन" अशी धमकी मुलांना दिली जाते. वेल्डिंग हेही शिकण्याचेच काम आहे, हे त्या धमकीत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता भट्टीकडून विजेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हम्फ्री डेव्ही याने विजेची दोन टोके जवळ आणली की मधल्या हवेत प्रखर ज्योत पेटते, हे दाखवले. ती ज्योत लोखंड जोडायला वापरली ती रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्डोस आणि स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी 1880च्या दशकात. त्यांनी कार्बनची कांडी वापरली. 1888 साली निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनच्या जागी धातूचीच कांडी घेतली. ती कांडी वितळून सांध्यात भरते. आज आपण 'वेल्डिंग रॉड' म्हणतो त्याची सुरुवात इथे झाली. स्लाव्यानोव्ह काम करत होता तो पेर्म शहरातला कारखाना तोफांचा होता. घणाने तोफ जोडणारे दख्खनी लोहार आणि विजेने धातू जोडणारा हा अभियंता एकाच मालासाठी राबत होते.

उघड्या कांडीने केलेला जोड ठिसूळ होई, कारण वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर लेप चढवला. लेप जळला की त्याच्या वायूचे कवच तयार होते आणि वितळलेली मळी जोडावर पांघरुणासारखी बसते. थंड झाल्यावर ती हातोडीने उडवायची. लोहाराचा टाकणखार जे काम करत होता तेच काम आता लेप करू लागला.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिबेटऐवजी वेल्डिंग करून हजारो जहाजे झपाट्याने बांधली. 16 जानेवारी 1943 रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'शेनेक्टॅडी' हे नवे कोरे जहाज मोठा आवाज होऊन मधोमध चिरले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, कोपऱ्यांवर साठणारा ताण आणि सदोष जोड, अशी कारणे पुढे आली. रिबेटच्या जहाजात एका पत्र्यातली चीर त्या पत्र्यापाशी थांबे. वेल्डिंगने सगळे जहाज एकसंध झाल्यामुळे चिरेला अडवणारे काही उरले नव्हते. चांगला दिसणारा जोड चांगला असतोच असे नाही, हे जग तेव्हा शिकले. वेल्डरची परीक्षा घेण्याच्या, जोड कापून आणि वाकवून पाहण्याच्या पद्धती त्यानंतर अधिक कडक होत गेल्या. म्हणजे या धंद्यात सनदेला अर्थ आला तो माणसांच्या जिवाच्या काळजीतून.

स्वतंत्र भारतात 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यातून गावोगावच्या आयटीआय उभ्या राहिल्या. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा ट्रेड आहे. पण रस्त्यावरचे वेल्डिंग वेगळ्या वाटेने पसरले. तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे असलेला जड ट्रान्सफॉर्मर दुकानात यायचा, तो हलवायला दोन-तीन माणसे किंवा हातगाडी लागे. बहुतेकदा तो दोन फेजवर चाले, म्हणजे घरच्या साध्या प्लगवर चालत नसे. ज्याच्याकडे जागा, भांडवल आणि वीजजोडणी, तो मालक. बाकीचे त्याच्याकडे मजूर. उस्ताद-शागीर्द ही जुनी रीत टिकली, पण औजार उस्तादाचे राहिले.

मराठवाड्यात या कामाची गरज वाढवणारी एक मोठी घटना म्हणजे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड छताखाली गाडली गेली. उन्हाळ्यात थंडावा देणाऱ्या माळवदाची लोकांना धास्ती बसली. आधी पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडले गेले, आणि नंतरही हलक्या छताकडे, लोखंडी अँगल आणि पत्र्याकडे, कल वाढला. आज आपल्या खेड्यांत शेतातला आखाडा असो की घराचा ओटा, वर अँगलवर बसवलेला पत्रा दिसतो आणि त्यामागे कुणीतरी वेल्डर असतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तो पत्रा जागेवर राहील की उडेल हे त्या माणसाच्या टाक्यावर ठरते. टाका मारणे हा शब्दही पाहा, शिंप्याच्या दुकानातून आला आणि लोखंडाला लागला.

त्या जड ट्रान्सफॉर्मरपासून माझ्या चार-पाच किलोच्या पेटीपर्यंत आपण कसे आलो? आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते. या संथ गतीला ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा लागतो. गती वाढवली तर तेवढेच काम छोटासा गाभा करतो. इन्व्हर्टर मशीन घरची वीज आधी एकदिशा करते, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे करते, ती एका मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून काढते आणि पुन्हा एकदिशा करून रॉडला देते. फिनलंडच्या केंपी कंपनीने 1977 साली असे पहिले मशीन बाजारात आणले. पुढे हे तुकडे करण्याचे काम स्वस्तात करणारा एक इलेक्ट्रॉनिक खटका आला, त्याचे नाव आयजीबीटी. तो विकसित करण्याचे श्रेय बी. जयंत बालिगा यांना दिले जाते. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथल्याच आयआयटीत शिकलेले बालिगा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होते. 2024 साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. नांदेडच्या गल्लीत खांद्याला मशीन अडकवून सायकलवरून जाणाऱ्या पोराला हे नाव माहीत नसेल, पण त्याची रोजी त्या खटक्यावर चालते.

या बदलाचा खरा अर्थ असा, की काही हजार रुपयांत औजार शागीर्दाच्या मालकीचे झाले. ते घरच्या सिंगल फेजवर चालते. वीज कमी-जास्त झाली तरी बरेचसे सांभाळून घेते. ज्योत पेटवणे सोपे करणारी आणि रॉड चिकटला की करंट पाडणारी सोय त्यात असते. म्हणूनच माझ्यासारखा चाळिशी ओलांडलेला मास्तरही शिकू शकला.

काय शिकलो ते थोडक्यात लिहितो, कारण मराठीत हे लिहिलेले फार कमी सापडते. सुरुवातीला 6013 क्रमांकाचा रॉड बरा, तो सहज पेटतो. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण 60 ते 90 अँपिअर, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या रॉडला 90 ते 130. लोखंड आधी घासून गंज, रंग, तेल काढायचे. अर्थिंगचा चिमटा स्वच्छ जागी लावायचा. काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढायचा आणि ज्योत पेटली की रॉडच्या जाडीएवढेच अंतर ठेवायचे. रॉड छोटा होत जातो, म्हणून हात पुढे सरकतानाच खालीही उतरला पाहिजे. अंतर वाढले की ठिणग्या उडतात, घटले की रॉड चिकटतो. चाचा म्हणायचे, "सर, आंख से नै, कान से देखो." अंतर बरोबर असले की भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो, चुकले की तो तुटतो. आणि नजर ज्योतीवर नाही, तिच्यामागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवायची. डबक्याची रुंदी सारखी राहिली तर जोड सारखा येतो.

हे सगळे चाचांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्यांच्या उस्तादाने त्यांचा हात धरून शिकवले, त्यांनी माझा धरला. या रीतीची ताकद मी अनुभवली. तिची एक उणीवही पाहिली. हात धरून कौशल्य येते, पण धोके सांगायचे राहून जातात. काळ्या काचेशिवाय टाका मारला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. मुले बटाट्याचे काप ठेवतात आणि सकाळी पुन्हा तसेच करतात. ती आग म्हणजे अतिनील किरणांनी बुबुळाला झालेली जखम असते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम केले की जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये धरला. मशीन छोटे झाल्याने काम बंद खोलीत, जिन्याखाली शिरले आहे, तिथे धूर जास्त साठतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहणेही तितकेच घातक. दहा नंबरची किंवा त्याहून गडद काच, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे, बंद बूट आणि वाहती हवा यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरला पाहिजे.

आता सनदेकडे येतो. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुस्लिम कामगार नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत, हे त्याने देशापुढे मांडले. आपल्या गल्लीत हे दिसतच होते. वीस वर्षे हाताने काम केलेला माणूस कागदावर 'अकुशल' ठरतो, कारण त्याच्याकडे कागद नाही.

आणि नेमकी आपल्या शेजारी लातूरला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी उभी राहिली. 2018 साली तिची पायाभरणी झाली, 2020च्या डिसेंबरमध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. तिथे वंदे भारत स्लीपर गाड्या बांधण्याचा करार 2023 साली झाला, त्यात रशियन कंपनी भागीदार आहे. बेनार्डोस आणि स्लाव्यानोव्हच्या देशातली कंपनी वेल्डिंगचे काम घेऊन लातूरला आली, असेही म्हणता येईल. रेल्वेच्या डब्याचा सांगाडा म्हणजे आधी वेल्डिंगच. तिथली पद्धत रॉडची नसते, बहुतेक वायूच्या कवचातल्या तारेची असते. पण ज्याला रॉडवर डबके सांभाळता येते त्याला ती शिकणे अवघड नाही. अवघड आहे ते फाटकातून आत जाणे. अशा कामाला आयएसओ 9606 सारखी परीक्षा लागते. त्यात जोड कापून, वाकवून, तपासून पाहतात आणि मगच त्या माणसाला त्या प्रकारच्या कामाची परवानगी मिळते. मला ही अट अन्यायाची वाटत नाही. शेनेक्टॅडी जहाजाची गोष्ट वाचलेला कुणीही असेच म्हणेल. अन्याय आहे तो आपल्या मुलांना त्या परीक्षेपर्यंतचा रस्ता कुणी न सांगण्यात.

रस्ता आहे. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आठवी पास ही पात्रता पुरते. म्हणजे आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलासाठीही दार बंद नाही, फक्त त्याने आठवीचा दाखला घेऊन जायला हवे. ज्यांचे वय निघून गेले पण हात तयार आहे, त्यांच्यासाठी 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. या गोष्टी जुम्याच्या नमाजनंतर चार मिनिटांत सांगता येतील अशा आहेत. शाळेच्या पालक सभेतही सांगता येतील. मी माझ्या वर्गात आठवीच्या मुलांना आता दरवर्षी सांगतो, मराठीत आणि उर्दूतही. ज्याला पुढे शिकायचे त्याने शिकावेच, माझा पहिला आग्रह तोच असतो. पण जो कारखान्यात जाणारच आहे त्याने निदान दाखला, आधार आणि काळी काच एवढे बरोबर घेऊन जावे.

दख्खनच्या किल्ल्यांवरच्या तोफा आज गंजत पडल्या आहेत. त्या जोडणाऱ्यांची नावे शोधून आता सापडणार नाहीत. देगलूर नाक्यावर आज ज्योत पेटवणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला माहीत आहेत. ती आमच्या शाळेच्या हजेरीपटावर होती. ती एखाद्या प्रमाणपत्रावरही यावीत, एवढे काम आपल्या पिढीला जमण्यासारखे आहे.